जादा तासाचा मोबदला : हक्क आणि नोंद

वसमत तालुक्यातील कुरुंद्याचा परिसर हळदीच्या पट्ट्यात मोडतो. हळदीची काढणी झाली म्हणजे ती शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे ही कामे एकामागून एक येतात. शिजू घातलेली हळद अर्धवट सोडता येत नाही. त्यामुळे मजुराचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपतोच असे नाही. मजुरी मात्र ठरलेली असते ती रोजाच्या हिशेबाने. मग दिवेलागणीनंतरच्या श्रमाचे मोल काय?

कामाच्या वेळेला मर्यादा असावी, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणण्याचा निर्णय झाला आणि किमान वेतनाचे विधेयकही मांडले गेले. त्यातून १९४८ चा कायदा आकारास आला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले.

१९४८ च्या कायद्याची जागा आता ‘वेतन संहिता, २०१९’ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. ठरलेल्या वेळेपलीकडच्या प्रत्येक तासास, किंबहुना तासाच्या भागासही, नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा, असे ही संहिता सांगते. उदाहरणादाखल, आठ तासांचा रोज ४०० रुपये धरल्यास तासाचा दर ५० रुपये होतो. दोन तास जादा काम झाल्यास त्याचे २०० रुपये वेगळे द्यावे लागतात. ते न दिल्यास २५ दिवसांत मजुराचे ५,००० रुपये बुडतात.

थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. दावा मजुरास स्वतः, त्याच्या संघटनेस किंवा निरीक्षकासही दाखल करता येतो. देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. शेतीकामासाठी पाचपर्यंत माणसे लावणाऱ्या लहान शेतकऱ्यास नोंदवह्या ठेवण्यातून सूट आहे. परंतु मागणी होताच वेतन दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो.

तथापि, काम किती तास चालले हेच कोठे लिहिलेले नसेल, तर हक्काचा दावा दुबळा पडतो. यास्तव तारीख, कामावर आल्याची व सुटल्याची वेळ आणि हाती आलेली रक्कम एवढ्या चार गोष्टी मजुराने रोज साध्या वहीत टिपून ठेवाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना शिक्षकांनी व शाळेत जाणाऱ्या मुलांनी साहाय्य करावे. ग्रामपंचायतीने किमान वेतनाचे चालू दर फलकावर लावावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. यामुळे मालक व मजूर यांच्यात वितुष्ट येण्याचे कारण नाही. उलट, हिशेब स्वच्छ असला की पुढल्या हंगामात तीच माणसे त्याच शेतावर विश्वासाने येतात.