जुना ट्रॅक्टर : घ्यावा कसा, दुरुस्त करावा कसा

शहरात धंदा आणि गावी थोडीफार शेती, अशी आपल्यापैकी अनेकांची स्थिती आहे. यंत्रमागावर, लेथवर किंवा गॅरेजमध्ये काम करणारा कारागीरही गावाकडच्या चार एकरांशी नाते ठेवून असतो. नांगरणीच्या ऐन दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही आणि मग आपणच एखादा जुना ट्रॅक्टर घ्यावा, असा विचार घरात निघतो. प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नव्हे. परंतु शेतासाठी घेतलेला जुना मॅसी १०३५ घराच्या अंगणात उघडून पुन्हा उभा करताना जो तजुर्बा आला, तो व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावा.

आधी हिशेब. मागील तीन वर्षांत नांगरणी, रोटाव्हेटर व पेरणी यांच्या भाड्यापोटी किती रक्कम गेली ते वहीत मांडावे. ती रक्कम किरकोळ असेल तर ट्रॅक्टरचा विचार सोडून द्यावा. अंगणात उभे असलेले यंत्र काम न करताही खर्च मागते. खरेदीच्या किमतीत मागची दोन टायरे, बॅटरी आणि क्लच प्लेट यांचा खर्च पहिल्याच दिवशी मिळवावा. आणखी एक मुद्दा सौद्याच्या वेळी लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरची टायरे व बरेच सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. नवा माल स्वस्त झाला की जुन्याचा भाव उतरला पाहिजे, हे बाजाराचे साधे गणित आहे. दलाल मात्र ते स्वतःहून सांगणार नाही.

ट्रॅक्टर कोणता, यालाही महत्त्व आहे. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत नेत असत. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने तो तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत बसवली. १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्याचा टीई २० हा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर तयार होऊ लागला आणि सुमारे दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक नग बनले. १९५६ मध्ये त्याच्या पुढचा ३५ निघाला. आपल्याकडे १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली. १०३५ हा याच घराण्यातला, तीन सिलेंडरांचा. सांगण्याचा हेतू इतकाच की, ज्या यंत्राची पिढ्यान्‌पिढ्या तीच घडण चालत आली, त्याचे सामान तालुक्याच्या दुकानात मिळते आणि ते उघडणारे हातही मिळतात. फार थोडे नग विकले गेलेला ट्रॅक्टर निम्म्या किमतीत मिळाला तरी महागच पडतो.

पाहणीला जाताना आगाऊ वर्दी देऊ नये. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून घ्यावे. विकणारा आधीच तापवून ठेवतो, कारण थकलेले इंजिन गरम असताना सहज सुरू होते आणि थंड असताना हट्ट धरते. धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर हरकत नाही, पण तो थांबलाच नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. ब्रीदरच्या नळीतून भसाभसा धूर येत असेल तर रिंगा व लायनर संपले, असे धरून चालावे. ऑइलची पट्टी बाहेर काढून बोटाला लावावी. दुधासारखे ऑइल दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ठाण उलगडून पाहिल्याखेरीज आपण कापड घेत नाही, मग चकचकीत लाल बोनेट पाहून ट्रॅक्टर का घ्यावा? ताज्या रंगाखाली वेल्डिंगचे डाग व तेलाचे पाझर सहज लपतात.

कागदपत्रांबाबत ढिलाई नको. आरसी बुकावरील इंजिन नंबर व चेसिस नंबर यंत्रावरच्या नंबराशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचे पत्र व फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांचे हे राहून गेलेले असते. तो खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा व्हावा.

ट्रॅक्टर घरी आला की बहुतेक लोक इंजिनाला हात घालतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. जो ट्रॅक्टर थांबत नाही, तो चालवण्यात अर्थ नाही. जुन्या मॅसीमध्ये मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळते, ते तेल ब्रेकच्या लायनरवर जाते आणि मग पॅडल कितीही दाबले तरी चाक फिरतच राहते. सील न बदलता नवे लायनर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. ब्रेकची दोन पॅडले असतात, शेतात आखूड वळण घेण्यासाठी एकेक वापरायची. रस्त्यावर मात्र दोन्ही खटक्याने जोडलेली असली पाहिजेत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर वेगातला ट्रॅक्टर उलटतो. हा खटका जुन्या ट्रॅक्टरवर हमखास हरवलेला असतो. तो कोणताही फॅब्रिकेटर बनवून देईल. त्यानंतर स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि पुढच्या चाकांची बुशे पाहावीत. चाक काढताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, अ‍ॅक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन जाम झाले असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याची घाई करू नये; सिलेंडरात थोडे ऑइल व डिझेल सोडून काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. टाकीचा तळ धुवावा, दोन्ही फिल्टर बदलावेत. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन सुरू होऊन बंद पडते. फिल्टरवरचा, मग पंपावरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, हे काम चौदा वर्षांचा मुलगाही शिकतो. तेलाचा एअर क्लीनर धुळीच्या दिवसांत वरचेवर धुवावा. धूळ आत गेली की नव्या रिंगाही लवकर झिजतात. डिझेल पंप व नोझल मात्र घरी उघडू नयेत, ते पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरच बसवावेत. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये, तो कातडी भेदून आत जातो. बोअरिंगचे काम लेथवाल्याचे. बाकी धुणे, पॅकिंग बदलणे, सील घालणे, वायरिंग नवे टाकणे हे आपल्या घरातील हुशार तरुण सुटीच्या दिवशी करू शकतात, आणि मजुरीचा मोठा भाग तेथेच वाचतो.

हायड्रॉलिक हा या यंत्राचा जीव आहे. नांगर जमिनीत जड ओढू लागला की वरची टॉप लिंक दाबली जाते, तो दाब आतल्या व्हॉल्व्हला कळतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. म्हणून टॉप लिंकच्या जागी साखळी किंवा लोखंडी पट्टी लावलेला ट्रॅक्टर नांगरटीत नीट काम देत नाही. लिफ्ट चालत नाही म्हणून मिस्त्रीने पंप काढायला सांगितला तर आधी पीटीओचा दांडा जोडलेला आहे का ते पाहावे. या ट्रॅक्टरात हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरच चालतो. तसेच मागच्या घरातले तेल कमी किंवा गढूळ नाही ना, हेही पाहावे.

पीटीओबद्दल कापडवाल्याने बोलणे भागच आहे. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगी, ओढणी, सैल सदरा किंवा गळ्यातला रुमाल त्यात अडकला तर हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. टेरीकॉट फाटत नाही, हे आपण गिऱ्हाईकाला ताणून दाखवतो. शाफ्टजवळ तोच गुण माणसाला आत ओढतो. शाफ्टवरचे झाकण काढून टाकलेले असेल तर नवे घ्यावे. घरातल्या मंडळींनी यंत्र चालू असताना तिकडे फिरकू नये. त्याचप्रमाणे चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. वर, टॉप लिंकच्या जागी बांधली तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. मडगार्डवर मुलांना बसवण्याची रीत तर कायमची बंद व्हावी.

कित्येक व्यापारी बंधू हंगाम सरला की याच ट्रॉलीतून लोकांचा माल भाड्याने नेतात. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीला लावला तर तो नोंदणीच्या बाहेरचा उपयोग ठरतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. अशा वेळी जखमीची भरपाई मालकाच्या दुकानातून वसूल होते. तो धंदा करायचाच असेल तर आधी आरटीओत जाऊन ट्रॅक्टर व ट्रॉलीची तशी नोंद, परवाना व विमा करून घ्यावा.

डिझेलचा हिशेब अंदाजाने ठेवू नये. टाकी काठोकाठ भरावी, तासभर नांगर चालवावा आणि पुन्हा भरावी. जितके लिटर लागले तितका तासाचा खर्च. ही नोंद आणि ऑइल बदलल्याची तारीख एकाच वहीत ठेवावी. रंगाचे काम पावसाळा संपल्यावर, पहिल्या हंगामात सर्व गळती कळून आल्यानंतर काढावे.