बेंजामिन चर्च याचें युद्धवृत्त

उत्तर अमेरिकेंतील प्लिमथ वसाहतीचा सरहद्दीवरील सेनानी बेंजामिन चर्च (सु. १६३९–१७१८) याचें युद्धवृत्त १७१६ त बोस्टन येथें छापिलें गेलें. बापाच्या टिपणांवरून तें मुलगा टॉमस यानें रचिलें. मूळ प्रसंगांस तोंवर चाळीस वर्षें लोटलीं होतीं. सबब तो तत्कालीन अस्सल कागद नव्हे. आम्ही त्यास बखरींतच गणितों.

वांपानोआगांचा अधिपति मेटाकॉम, ज्यास इंग्रज ‘राजा फिलिप’ म्हणत, याच्याशीं १६७५–७६ त युद्ध झालें. चर्चनें आपल्या तुकडींत मूळनिवासी योद्धे घेतले व त्यांचीच दबा धरण्याची रीत उचलिली. १२ ऑगस्ट १६७६ रोजीं मेटाकॉम पडला, तोहि त्या तुकडींतील अल्डरमन नामक मूळनिवाशाच्या गोळीनें. पुढें चर्च ब्रिस्टॉल गांवचा प्रतिनिधि म्हणून विधिसभेंत बसला.

१६७५ त डार्टमथ येथें वचनावर विसंबून शरण आलेल्या सुमारें १६० जणांस सरकारनें गुलाम म्हणून विकलें, व चर्चनें विरोध केला, असें हें वृत्त सांगतें. वृद्ध सरदार अन्नावन याच्या जीवासाठीं रदबदली करण्याचें चर्चनें कबूल केलें होतें. परंतु तो बोस्टनहून परतला तों प्लिमथकरांनीं त्याचें शिर उडविलें होतें.

चर्चचा विरोध त्यास भूषणावह, म्हणून तो तोलून घ्यावा. विक्री व शिरच्छेद हीं मात्र स्वपक्षास लांच्छन; तीं कोणी पदरचीं घालीत नाहीं. बखरींतील असा मजकूरच आम्ही अधिक विश्वसनीय मानितों.