स्टार, डेल्टा आणि सहाची बॅच

संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. भोसरीच्या एका तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रिकल मशिन्सच्या प्रयोगशाळेत पहिल्या पाळीची मंडळी जमतायत. कुणी कंपनीच्या गणवेशातच आलंय, कुणाच्या पायात अजून सेफ्टी शूज आहेत. आम्ही सारे पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. बहुतेकांचा आयटीआय झालेला, म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला मुभा दिली, तेव्हा कुठे पाळी सांभाळून शिकायची वाट आम्हाला मोकळी झाली.

टेबलावर पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर आहे. टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडलंय, आत सहा टोकं. आज स्टार-डेल्टा स्टार्टर.

"काका, तुम्हीच जोडा," सर म्हणतात. सर तिशीच्या आतले, काका पन्नाशीकडे झुकलेले. आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलंय त्यांचं. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि वायरी ओढायला लागतात. तीन कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले. आकृतीकडे एकदाही बघत नाहीत. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून बघतात. शेजारचा पोरगा ते टिपून घेतो. मॅन्युअलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही.

आधी मोटर थेट डेल्टात चालू होते. टाँग टेस्टरवर सुरुवातीचा करंट बेचाळीस अँपिअर. मग स्टारमध्ये. चौदा.

"बरोबर एक तृतीयांश," सर म्हणतात. "का?"

खोली गप्प. करंट कमी होतो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. का होतो, हे आजवर कुणी आम्हाला विचारलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. सर फळ्यावर आकडे मांडतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात, म्हणून वाइंडिंगमधला करंट वर्गमूळ तीन पटीने घटतो. डेल्टात लाइनचा करंट वाइंडिंगच्या वर्गमूळ तीन पट असतो, स्टारमध्ये दोन्ही सारखेच. म्हणून लाइनवर तो आणखी तेवढाच उतरतो. दोन्ही मिळून तिसरा हिस्सा.

"आणि टॉर्कसुद्धा तिसरा हिस्साच," सर खाली रेघ मारतात.

काका खुर्चीतून उठतात. "थांबा सर. म्हणजे आमचा कॉम्प्रेसर…" ते फळ्याजवळ जातात. "स्टारमध्ये उचलतच नाही. डेल्टा पडला की ट्रिप. आम्ही दोनदा रिले बदलला."

"चालू होताना पिस्टनवर हवेचा दाब असतो का?"

काका क्षणभर विचार करतात. "अनलोडर! तो अडकत असणार. दाब सुटत नाही, आणि तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीवर मोटर तो भार फिरवणार कशी?"

"उद्या आधी तेच बघा. आणि हे जर्नलमध्ये लिहा, निरीक्षण म्हणून."

काका मान डोलावतात. त्यांना सुपरवायझरचं लायसन काढायचंय, त्यासाठी ही पदविका. मुलीची बारावी आणि त्यांची परीक्षा एकाच हंगामात येणार आहे. घरात एकच अभ्यासाचं टेबल, ते दोघं वाटून घेतात. आमच्यातल्या प्रत्येकाच्या मागे असलं काहीतरी आहेच: ओव्हरटाइम सोडल्याने घटलेला पगार, चुकलेली लग्नं, अपुरी झोप.

तरीही नोकरी करून शिकणाऱ्यांना हाताला धरून चालवावं लागतं, हा समज या खोलीत टिकत नाही. ज्याने रात्रपाळीत बंद पडलेली मशीन एकट्याने चालू केलीय, त्याला सूत्र कळलं की ते परीक्षेपुरतं राहत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागतं. अशा वर्गांना हक्काची वेळ, चालू स्थितीतली यंत्रं आणि सरांसारखे ऐकून घेणारे शिक्षक मिळायलाच हवेत.

नऊ वाजतात. शिपाई दारात किल्ल्या घेऊन उभा आहे.

"सर, मग टायमर किती सेकंदांवर ठेवायचा?" मागून कुणीतरी विचारतं, आणि आवरलेल्या वह्या पुन्हा उघडतात.