मधली पुली

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये एक बेंच ड्रिल आहे, मुळात सुतारकामासाठी घेतलेलं. पट्टा सगळ्यात खालच्या पायरीवर टाकला तरी स्पिंडल मिनिटाला 720 फेरे घ्यायचा. लाकडाला झकास. लोखंडी पट्टीत 20 मिमीचं भोक पाडायला गेलो की आधी किंचाळणं, मग धूर, आणि ड्रिलचे बाहेरचे दोन्ही कोपरे निळे. कोपरेच आधी जळतात, कारण सगळ्यात जास्त वेग तिथे. हिशेब मांडला तर कडेला मिनिटाला 45 मीटर. साध्या हायस्पीड ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये 25च्या आसपासच झेपतात.

माझी पहिली शक्कल पंख्याच्या रेग्युलेटरची. शेजारच्या लेथवरचे मामा हसले. "वेग कमी हुईल, पर जोर कुठनं आणायचा?" बरोबरच होतं. व्होल्टेज उतरवलं की अशी मोटर जोर टाकते आणि नुसती तापत बसते. तिला 1440 वर सुखानं फिरू द्यावं, वेग पुल्यांनी उतरवावा.

मामांनी 20 मिमी ब्राइट बारचा शाफ्ट तयार केला, त्याला दोन 6204 बेअरिंगं. मोटर मागे सरकवून तो मधे बसवला. मोटरची 60 मिमीची पुली मधल्या 150च्या पुलीला, मधल्या शाफ्टवरची 60ची स्पिंडलच्या 120च्या पुलीला. 1440चे झाले 576, त्याचे 288. हे अर्ध्या तासाचं काम. अख्खी दुपार गेली ती पुल्या एका रेषेत आणण्यात: सुतळी ताणायची, डोळा लावायचा, वायसर घालायचा, परत सुतळी. रेषा चुकली की पट्टा कडेनं खातो आणि खाली काळी भुकटी पडते.

आधी पायलट भोक, मग 20चं ड्रिल, वर दुधासारखा कूलंट. किंचाळणं गेलं, नुसती कुरकुर. दोन्ही धारांवरून चकाकत्या गुंडाळ्या सलग निघाल्या; निळी एकही नाही. मी बघतच राहिलो, आणि तिथंच फसलो. ड्रिल पलीकडे निघता निघता अडकलं. पूर्वी अशा वेळी पट्टा घसरायचा. आता स्पिंडलवर जोर अडीचपट; पट्टा घसरला नाही, व्हाइसच गरकन फिरला. बोटं थोडक्यात वाचली.

तुम्ही मधली पुली बसवणार असाल तर आधी व्हाइस टेबलाला बोल्टनं आवळा. आणि ड्रिलजवळ जाताना हातमोजे काढून ठेवा.