सोबतीने वाढणारी जोखीम

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहरात फ्रीमाँट बुलेव्हार्ड, मावरी अव्हेन्यू यांसारखे रुंद, सरळ रस्ते मोटारींचा विचार करून आखलेले आहेत. त्यांवर मुलांनी सायकल किंवा ई-बाइक बेफाम दामटली की तिथल्या मराठी घरांतही एकच निदान होते : मुलांना भीतीच उरलेली नाही. हे निदान अपुरे आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली संगणकावरील मोटार चालवण्याच्या खेळातून दाखवले, की बरोबरीचे सोबती असले की १३ ते १६ वर्षांची मुले कितीतरी अधिक जोखीम पत्करतात. चोविशी ओलांडलेल्यांवर सोबतीचा असा परिणाम दिसला नाही. मित्र पाहत असताना कुमारांच्या मेंदूतील सुखाची अपेक्षा जागवणारे भाग अधिक उद्दीपित होतात, हे २०११ च्या मेंदू-प्रतिमांत आढळले. म्हणजे धोका कळत असतो, पण त्या क्षणी वाहवा अधिक मोलाची वाटते. शिवाय प्रत्येक धोका धाडसातून येतो असेही नाही. आयोवा विद्यापीठात जोडी प्लमर्ट यांनी आभासी रस्ता सायकलने ओलांडण्याच्या केलेल्या प्रयोगात १० आणि १२ वर्षांच्या मुलांनी दोन मोटारींमधली मोठ्यांइतकीच फट निवडली. पण निघायला उशीर झाल्याने पलीकडे पोचताना त्यांच्या हाती कमी वेळ उरला. याला बेदरकारपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मेंदूकडे बोट दाखवून मुलांना मोकळे सोडायचे का, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. उलट, नुसत्या उपदेशावर विसंबता येत नाही म्हणूनच वेगाची मर्यादा महत्त्वाची. कॅलिफोर्नियात ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साथ देणारी ई-बाइक १६ वर्षांखालच्यांना चालवता येत नाही. ताशी ३२ च्या तुलनेत त्या वेगाला गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते, हे लक्षात घेतले तर ही अट जाचक वाटू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सुरक्षित मार्ग दिले की मुले आणखी बेफिकीर होतील. काही होतीलही. पण मोटार वेगळ्या मार्गिकेत आणि सावकाश असेल, तर त्याच चुकीची किंमत बदलते. अमेरिकेतील पादचारी अपघातांच्या एका विश्लेषणात मोटारीचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर असताना मृत्यूची सरासरी शक्यता १० टक्के, तर ६८ असताना ५० टक्के आढळली. फ्रीमाँटने २०१५ मध्ये ‘व्हिजन झिरो’ स्वीकारले, त्यामागचा विचार हाच : माणूस चुकणार, हे गृहीत धरून रस्ता आखायचा. घरच्यांच्या वाट्यालाही काम उरते. थांबलेली सायकल वेळेत पुढे काढणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि त्याचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये करून घेता येतो.