तांबड्या अंड्याचा कोंबडा

उसाच्या नोंदी घ्यायला वस्तीवर गेलो की हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास येतो, आणि तो उसाचा नसतो. चहा ठेवता ठेवता घरच्या बाई विचारतात, "साहेब, तांबड्या अंड्याचा कोंबडा आमच्या गावरान कोंबड्यांत सोडला तर चालेल का?" कारण उघड आहे. बाजारात पांढऱ्यापेक्षा तांबड्या अंड्याला चार पैसे जास्त मिळतात. शिवाय अंड्याचा पैसा उसाच्या बिलासारखा वाट पाहायला लावत नाही. आठवडी बाजाराला तो हातात येतो, आणि तोही बाईच्या हातात. ऊस अधिकारी कोंबड्या मोजत फिरतो अशी चेष्टा कारखान्यावर होते, ती होऊ द्या.

आधी रंगाचं सांगतो. कवच तांबडं असो वा पांढरं, त्यामुळे अंड्याच्या कसात फरक पडत नाही. बलक पिवळाधमक होतो तो हिरवा पाला, लसूणघास आणि मक्यामुळे. कवचाचा रंग मात्र खाण्यावर नाही, जातीवर जातो. गिऱ्हाईक रंगाचे पैसे देतं हे खरं, मग ते आपण का सोडावेत?

कोंबडीच्या पोटात अंड्यावर कवच चढायला सुमारे २० तास लागतात. तांबडा रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो, भिंतीला रंगाचा हात मारावा तसा. म्हणून तांबडं अंडं फोडलं तर कवच आतून पांढरट दिसतं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाकडची अरौकाना कोंबडी निळी अंडी घालते, तिचा रंग मात्र कवचात आरपार मुरलेला असतो. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या वंशात घुसला आणि त्यातून हा निळा रंग आला, असं २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. निळ्याचा तांबड्याशी संकर केला की निळ्यावर तांबडा हात बसतो आणि अंडं हिरवं होतं! परदेशातले हौशी लोक असे संकर करतात. आपल्याला तांबडं पुरे.

आता कोंबड्याकडे येऊ. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणला आणि पुढच्या आठवड्यात तांबडी अंडी शोधायला लागले, असे सभासद आम्ही पाहिलेत. तसं होत नाही. कवच कोंबडी घडवते, त्यामुळे कोंबडा कुठलाही असो, तिच्या अंड्याचा रंग तिचाच राहणार. कोंबड्याचा गुण दिसतो त्याच्या लेकींच्या अंड्यात, म्हणजे तलंगा सहा-सात महिन्यांच्या होऊन अंड्यावर आल्यावर. कोंबडा स्वतः अंडं घालत नाही, पण रंगाचा निम्मा वाटा त्याचा. म्हणून कोंबडा निवडताना नुसता तुरा आणि पिसारा बघू नका, तो किती गडद अंड्यातून निघालाय ते विचारा.

खरी फसगत पुढे आहे. को ८६०३२ हासुद्धा संकरच, पण आपण त्याची कांडी लावतो आणि कांडीतून तोच ऊस उगवतो. कोंबडीला कांडी नाही. पहिल्या पिढीच्या तलंगा चांगल्या निघतात, पण त्यांच्याच बरोबरचा संकरित कोंबडा त्यांच्यावर ठेवला की पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं. एक तांबडं घालते, एक दुधी, एक फिकट, आणि अंड्यांची संख्याही घसरते.

त्याहून मोठं नुकसान खुडूक बसण्याचं. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडीच देते, पण १०-१२ अंड्यांवर बसून २१ दिवसांत पिलं काढते आणि घारीपासून राखते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया तिच्या दुपटीहून जास्त अंडी देते, तीही तांबडी, पण खुडूक बसणं तिच्या रक्तात फारसं उरलेलं नाही. आमच्या एका गटातल्या वस्तीने सगळ्या गावरान विकून सुधारित पक्षी भरले. दीड वर्ष अंडी भरपूर झाली. मग पक्षी म्हातारे झाले आणि उबवायला अख्ख्या वस्तीत एक कोंबडी नाही! आता दर वेळी पिलं विकत आणायची, आणि तो खर्च अंड्याच्याच पैशातून.

तेव्हा पाच-सहा चांगल्या गावरान माद्या आणि त्यांचा गावरान कोंबडा वेगळ्या खुराड्यात राखा. त्या विकायच्या नाहीत, पाहुणे आले तरी कापायच्या नाहीत. बाकीच्या ८-१० माद्यांना एक तांबडा कोंबडा पुरतो. आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबून मगच उबवायची अंडी धरा, कारण जुन्या कोंबड्याचं बीज मादीच्या पोटात तेवढे दिवस टिकू शकतं. अंडी आठवड्याच्या आतली घ्या आणि धुऊ नका. संकरित कोंबडे वजनावर आले की बाजार दाखवा. तांबडा कोंबडाही स्वतःच्या लेकींवर ठेवू नका, दुसऱ्या गावच्या सभासदाशी बदलून घ्या.

पिलांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी टोचून घ्या, नाहीतर एका साथीत खुराडं मोकळं होतं. संकराच्या पिलांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा आणि पाय जाड होईल तसा बदलत जा. तलंगा अंड्यावर आल्या की कुठली गडद घालते ते घरच्या बायकांना बरोबर कळतं, तिची खूण वेगळी करून ठेवा.