शाळेच्या कार्यालयासाठी नेटवर्क स्विच घेताना

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, शाळेच्या कार्यालयात 'नेट गेलं' असं कोणी म्हटलं की आपण लगेच इंटरनेटवाल्याला फोन लावतो. पण पुष्कळदा बाहेरचं नेट व्यवस्थित असतं. अडलेलं असतं ते कपाटावर धूळ खात पडलेल्या एका छोट्या डबीपाशी. ती डबी म्हणजे नेटवर्क स्विच. यू-डायसची माहिती भरायचा शेवटचा दिवस असो की शालार्थचं पगारबिल, ती बंद पडली की सगळे संगणक एकदम अडतात.

स्विच नेमकं करतो काय? समजा, एका मुलाला द्यायची चिठ्ठी बाईंनी सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. जुना 'हब' हेच करायचा, आलेला निरोप सगळ्या संगणकांकडे पाठवायचा. स्विच मात्र कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे ते लक्षात ठेवतो आणि चिठ्ठी थेट त्याच्याच हातात देतो. गंमत बघा, १९९० साली असा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं 'कल्पना'! संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं हे नाव. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली.

आता निवडीकडे येऊ. आधी पोर्ट मोजा: संगणक, प्रिंटर, वायफाय, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि राउटरकडून येणारी एक वायर. बेरीज नऊ आली तर आठ पोर्टचे दोन डबे जोडत बसू नका, सरळ सोळाचा घ्या.

वेग गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसचाच असावा. "आपलं नेट तर ५० चंच आहे, मग कशाला?" असं कोणीतरी विचारणारच. पण एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल जाते किंवा कॅमेऱ्याचं चित्रण रेकॉर्डरकडे जातं, ते स्विचमधूनच. इंटरनेटच्या प्लॅनशी त्याचा संबंध नाही. मात्र गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. जुन्या जोडणीत चारच तारा लावलेल्या असतील तर नवा स्विच घेऊनही वेग वाढणार नाही. आणि स्विचपासून संगणकापर्यंत केबल १०० मीटरच्या आत हवी.

खरा त्रास होतो तो लूपचा. साफसफाई करताना एखाद्या केबलचं सुटं टोक दिसतं आणि कोणीतरी चांगल्या हेतूने ते रिकाम्या पोर्टमध्ये खोचतं. त्याच केबलचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असलं, तर निरोप आतल्या आत गोल गोल फिरत राहतात. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खं कार्यालय ठप्प! साध्या स्वस्त स्विचला हे कळत नाही. म्हणून 'लूप प्रिव्हेन्शन' असलेला स्विच घ्या. माझ्या मते थोडे जास्त पैसे खर्च करावेत ते इथेच. कार्यालयात दहा माणसं येतात-जातात, प्रत्येकाला केबलचं ज्ञान कुठून असणार?

कॅमेरे थेट स्विचवरून चालवायचे असतील तर 'पीओई' स्विच लागतो. तो एकाच केबलमधून वीजही देतो. साध्या पीओईत एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात. पण आठही पोर्टना मिळून किती, हा आकडा वेगळा असतो. समजा तो ६० आहे, तर आठ कॅमेरे प्रत्येकी १० वॅटचे चालणार नाहीत. कॅमेऱ्यावरचे वॅट बघून बेरीज करा, पाचवीचं गणित आहे हे.

वीज ये-जा करणाऱ्या गावात स्विच यूपीएसवरच ठेवा. बॉडी लोखंडी पत्र्याची असली तर उष्णता लवकर बाहेर पडते. दुसऱ्या इमारतीकडे उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, विजा कडाडल्या की स्विचचे पोर्ट जळू शकतात. तिथे फायबर टाका आणि स्विचला फायबरचा पोर्ट आहे ना, ते आधीच बघा.

पालकहो, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर कोटेशनमध्ये नुसतं '१६ पोर्ट स्विच' असं लिहू देऊ नका. गिगाबिट, लूप प्रिव्हेन्शन, वॉरंटी किती वर्षांची, अडॅप्टर वॉरंटीत येतो का आणि दुरुस्तीला कुठे पाठवावा लागेल, हे सगळं लिहून मागा. मग तिन्ही दुकानदारांचे दर एकाच वस्तूचे आहेत की नाही, ते लगेच दिसतं.